सतरा पायऱ्यांवरचं टेबल

खालच्या खोलीत पडल्या पडल्या थोरलीला सगळं ऐकू यायचं. तिच्या डोक्यावरच, वरच्या मजल्यावर, कापायचं टेबल होतं. कात्री चालली की आवाज छतातून उतरायचा. खर्र, खर्र, मग थांब. पुन्हा खर्र, पुन्हा थांब. बाहीच्या एका गोलाईला धाकटी तीनदा थांबते हे तिला न बघता कळायचं, आणि दर वेळी तळपायाची आग मस्तकात जायची. कात्री अशी मधेच थांबवायची नसते. पातं उचललं की कापडाच्या कडेला दात पडतात. लग्न होऊन आलेल्या धाकटीला हे शिकवलं कुणी, तर थोरलीनंच. हातावर टेपचे फटके देऊन शिकवलं होतं. आणि आता तीच बया थोरलीच्या कात्रीनं, थोरलीच्या टेबलावर, दिवसभर दात पाडत बसली होती.

मधे सतरा पायऱ्या. फक्त सतरा. पण थोरलीला तीन वर्षांत त्यातली एकही चढता आली नव्हती.

घरात माणसं तीनच. दोन जावा आणि धाकटीचा नवरा, म्हणजे थोरलीचा दीर. थोरलीचा नवरा जाऊन सहा वर्षं झाली होती, पोरं आपापल्या संसाराला लागली होती. खाली राहायचं, वर कारखाना. कारखाना म्हणजे काय, चार मशिनी, एक लांब टेबल आणि शाळांच्या गणवेशांचे गठ्ठे. कापायचं थोरलीनं, शिवायचं धाकटीनं आणि कामावर येणाऱ्या दोन बायकांनी, पोचवायचं दिरानं. मालकीण कोण हे कुणी कागदावर लिहिलं नव्हतं. पण ज्या हातात कात्री, शब्द त्याचाच. तीस वर्षं थोरलीचा चालला.

मग तीन वर्षांपूर्वी ती खांद्यावर कापडाचा तागा घेऊन उतरत होती. वय चौसष्ट, पण पाय घोडीचे. शेवटून तिसऱ्या पायरीवर टाच घसरली, उजवा गुडघा अंगाखाली दुमडला आणि आतून आवाज आला. टक्क. कमरेचं जाड इलॅस्टिक ताणून ताणून तुटावं तसा. धाकटी वरून धावत आली, तिला बसतं केलं आणि म्हणाली, "उठा ताई, एवढं काही नाही झालं."

झालं होतं. पण खरा घात पायरीनं केला नाही, तो दवाखान्यात झाला. एक्स-रेत हाड शाबूत निघालं. डॉक्टर फिल्म उजेडाकडे धरून, मान वर करून विचारत होता, "पाय सरळ ठेवून वर उचलता येतो का?" थोरलीनं वेदनेनं दात आवळले होते. ते सुटायच्या आत धाकटी बोलून मोकळी.

"येतो की. दुखतंय म्हणून उचलत नाहीत. गुडघ्याचा त्रास जुनाच आहे त्यांना."

डॉक्टरनं फिल्म खाली ठेवली आणि लिहिलं. वयाचं दुखणं. मलम, पट्टी, विश्रांती. एका वाक्यात निकाल लागला, आणि ते वाक्यही थोरलीचं नव्हतं.

त्रास जुना नव्हता. पाय उचलत नव्हता. दुखणं दोन महिन्यांत विझलं, पण पाय काही परत आला नाही. चालता चालता गुडघा मधेच दगा द्यायचा, खुर्चीचा पाय निखळावा तसा. कमरेतून पाय पुढे भिरकावून चालायची सवय लागली. जमिनीवर किती वेळा आपटली याची मोजदाद तिनं अकरावर सोडली. पहिल्याच आठवड्यात धाकटी खाली येऊन म्हणाली होती, "ताई, तोपर्यंत मी कापते. शाळा उघडायला महिनाच राहिलाय." त्या 'तोपर्यंत'ला आता तीन वर्षं झाली. एकदा वरच्या खिडकीतून धाकटीचं बोलणं खाली आलं, कापडवाल्याशी चाललेलं. "ताईंचं काय, थोडं मनाचंही आहे हो." थोरलीनं ते ऐकलं आणि उशीचं टोक दातांत धरलं.

मग एकदा पडली ती न्हाणीघराच्या उंबऱ्यावर. कपाळ फुटलं. दीर आणि धाकटी तिला रिक्षात घालून इस्पितळात घेऊन गेले. तिथं त्या दिवशी हाडांचा सर्जनच बसला होता. बारीक मिशीचा, शाळेच्या स्नेहसंमेलनातून उठून आल्यासारखा पोरगा. त्यानं कपाळाला टाके घालायला घेतले.

"जरा जवळजवळ घाला," थोरली म्हणाली. "एवढं लांब टाकतात ते नुसतं टाचायला."

"शिवणकाम करता का, मावशी?"

"करत होते."

टाके झाले. थोरली उठली. म्हणजे दोन्ही हातांनी खुर्ची धरली, धड पुढे फेकलं, उजवा पाय काठीसारखा बाजूला सारला आणि डाव्यावर सगळं ओझं घेऊन उभी राहिली. सर्जनच्या हातातला कापूस तसाच राहिला.

"पुन्हा बसा," तो म्हणाला. "आता हा पाय सरळ ठेवून वर उचला. फक्त वीतभर."

थोरलीनं जोर लावला. मांडी थरथरली, पाय जागचा हलला नाही. सर्जननं तिच्या गुडघ्याच्या वाटीच्या वर बोट ठेवलं आणि बोट आत बुडालं. मग त्यानं तिचंच बोट तिथं ठेवलं. खड्डा होता. तीन वर्षं ती ज्या गुडघ्याला मलम चोळत होती त्याच्यावर नखभर खोल खड्डा होता आणि तिला पत्ता नव्हता.

"मांडीचा स्नायू वाटीला जो जाड पट्टा बांधून ठेवतो ना, कंडरा म्हणतात तिला, ती तुटलीय. कधी पडलात?"

"तीन वर्षं झाली."

"तेव्हा कुणी पाय उचलायला सांगितलं नाही?"

दाराबाहेर बाकावर धाकटी बसली होती, मोबाईलमध्ये तोंड घालून. थोरलीनं तिच्याकडे पाहिलं. "विचारलं होतं," ती म्हणाली. "उत्तर दुसरीनं दिलं."

सर्जननं सगळं नीट सांगितलं, लपवाछपवी न करता. तेव्हाच, दोन-तीन आठवड्यांत आला असता तर काम सोपं होतं, तुटलेली दोन टोकं जवळ होती, शिवून टाकली असती. आता वरचं टोक स्नायूबरोबर मांडीत आखडून गेलंय. मधे चार बोटांचं अंतर.

"म्हणजे कापड कमी पडतंय," थोरली म्हणाली.

"अगदी. जोड द्यावा लागेल. तुमच्याच मांडीच्या मागची एक बारीक दोरी काढून घेऊ. तिच्यावाचून फारसं अडत नाही. वाटीला भोकं पाडायची, त्यातून ओवायची आणि वर जाड धाग्यानं पक्कं करायचं."

"पाय पहिल्यासारखा होईल?"

"नाही. खोटं कशाला सांगू? एवढी जुनी जखम, तुमचं वय. पण बरेच जण नीट चालतात. पायऱ्या चढतात."

त्यापुढचं थोरलीनं ऐकलंच नाही.

घरी धाकटीनं तोंड वाकडं केलं. "या वयात चिरफाड? ताई, खाली काय कमी आहे तुम्हाला? चहा जागेवर, जेवण जागेवर."

"हो ना," थोरली म्हणाली. "सगळं जागेवर आहे. मी तेवढी माझ्या जागेवर नाहीये."

शस्त्रक्रियेत कमरेखालचं अंग बधिर होतं आणि मधे हिरवा पडदा. वाटीला भोक पडताना ड्रिलचा आवाज तिनं कान देऊन ऐकला. पडद्यापलीकडे सर्जन बारीक आवाजात काहीबाही मागत होता. थोरली एकदाच बोलली. "शेवटची गाठ दोनदा मारा." पलीकडे कुणीतरी हसलं.

मग सहा आठवडे पाय सरळ. मांडीपासून घोट्यापर्यंत पट्ट्यापट्ट्यांचा ताठ साचा, चार बक्कलं, गुडघा वाकणार नाही अशी कळ लावलेली. उभं राहायचं, चालायचं, पण साचा अंगावर असतानाच. आणि व्यायाम. आठवड्यातून दोनदा एक पोरगी यायची, केसांचा टपोरा अंबाडा घातलेली. ती मांडीवर हात ठेवून म्हणायची, "आवळा. सोडा. आवळा. सोडा." थोरली आवळायची, सोडायची आणि ओठांतल्या ओठांत पुटपुटायची.

"काकू, काय म्हणताय? जप का?"

"नावच घेतेय."

"कुणाचं?"

"जावेचं."

पोरगी हसून लोळली. थोरली हसली नाही. ती खरंच मोजत होती. एका आवळण्याला एक शिवी. पंधरा झाल्या की दम खायचा. दिवसाला तीनशे. त्या शिव्या इथं लिहिण्यासारख्या नाहीत, पण त्यांच्या जोरावर मांडी जागी झाली हे त्या पोरीनंही कबूल केलं. "तुमच्या वयाच्या माणसांना मला ओरडून ओरडून करायला लावावं लागतं. तुम्हाला थांबवावं लागतंय."

दुपारी थोरली ठरवायची, वर गेल्यावर काय करायचं. एकदा ठरवलं, नुसतं दारात उभं राहायचं आणि बघत राहायचं, हिच्या हातातून कात्री आपोआप गळेपर्यंत. मग वाटलं, नाही, तेवढ्यानं काय होतंय. दोन्ही कामवाल्या बायका हजर असताना जायचं. कापडवालाही असला तर उत्तम. सगळ्यांसमोर म्हणायचं, बाजूला हो. दोनच शब्द. त्या दोन शब्दांना तिनं इतकं घासलं, इतकं घासलं, की झोपेतही ओठ हलायचे.

पाचव्या आठवड्यात तिनं घोळ घातला. तो घोळ दुसऱ्या कुठल्या म्हातारीच्या डोक्यात आलाच नसता.

शिवण झाली की शिवणारं माणूस काय करतं? दोन अंगठे शिवणीच्या दोन बाजूंना लावतं आणि कापड ओढतं. टाके उघडे पडले नाहीत, दोरा करकरला नाही, तर कपडा पुढे. ओढून न बघितलेली शिवण थोरलीनं आयुष्यात कुणाच्या अंगावर जाऊ दिली नव्हती. धाकटीनं पहिल्या वर्षी एकदा न ओढता गठ्ठा बांधला, तर थोरलीनं तो गठ्ठा सोडवून अख्खा तिच्याकडून ओढून घेतला होता. एकशे वीस चड्ड्या. आणि आता स्वतःच्या अंगातली शिवण, जिच्यावर सगळा खेळ, ती फक्त त्या मिशीवाल्या पोराच्या शब्दावर सोडून द्यायची? तो म्हणतो पक्की आहे. कपडा देताना सगळेच म्हणतात.

दुपारची वेळ. वर मशिनी चालू होत्या. थोरलीनं चारही बक्कलं सोडली, साचा उघडला आणि पलंगाच्या कडेला बसली. पाय खाली सोडला. गुडघा थोडा वाकला. काही नाही झालं. मग तिनं डाव्या पायाची टाच उजव्या घोट्यावर ठेवली, दोन अंगठे वाटीच्या दोन बाजूंना लावले आणि हळूहळू खाली दाबलं. धरतंय. अजून थोडं. धरतंय. तिथं थांबली असती तर निभावलं असतं. पण शिवण ओढताना हात नेहमी शेवटचा एक हिसका देतोच, तो दिल्याशिवाय मनाचं समाधान होत नाही.

टक्क नाही झालं. सैल गाठीतून दोरा सरकावा तसं आत काहीतरी सरकलं. चर्रकन. डोळ्यांपुढे अंधारी आली.

घाईघाईनं तिनं साचा पुन्हा बसवला, बक्कलं कशीबशी अडकवली आणि आडवी झाली. गुडघा बघता बघता टरारला. आणि खरं सांगायचं तर तिच्या मनात पहिल्यांदा गुडघ्याचा विचार आलाच नाही. वर कात्री चालली होती. खर्र, खर्र, थांब. आता ती मरेपर्यंत हिचीच, एवढंच थोरलीच्या मनात आलं. आपल्याच हातानं आपण टेबल हिच्या घशात घातलं. त्या विचारानं ती अशी पेटली, की खोटं तिला शोधावंही लागलं नाही. ते समोर येऊन उभंच राहिलं.

चार वाजता धाकटी चहा घेऊन आली, गुडघा बघून कप तिथंच ठेवला. दिराला फोन, रिक्षा, इस्पितळ. सर्जननं सूज पाहिली आणि त्याचा चेहरा आवळला.

"साचा कुणी काढला?"

थोरलीनं धाकटीकडे बोट केलं. "हिनं. सकाळी कपडे बदलताना. म्हटलं, नको काढूस, तर म्हणाली, एवढं काही होत नाही. पाय वाकवला तिनं."

सकाळी कपडे धाकटीनंच बदलले होते, ते खरं होतं. साच्याला तिनं बोटही लावलं नव्हतं. धाकटीचं तोंड उघडलं. तिनं साच्याकडे पाहिलं, मग थोरलीच्या हातांकडे पाहिलं, आणि तोंड मिटलं.

"तुम्हाला काही कळतं का?" सर्जन तिच्यावर घसरला. "तीन-चार तास उभं राहून जोडलंय ते आम्ही. यांचा पाय म्हणजे काय, दाराची कडी आहे, वाटलं तेव्हा हलवायला?"

दीर बायकोकडे बघत होता. तो मुळात कमी बोलणारा माणूस. "तू?" एवढंच म्हणाला. पण त्या एका अक्षरानं त्यानं तिला मान खाली घालायला लावली. 

सोनोग्राफी झाली. जोड तुटला नव्हता, पण ताणला होता, दोन टाके सैल. पुन्हा उघडायची गरज नाही. आणखी सहा आठवडे पाय सरळ. आणि पुढे तो आपला आपण पूर्ण ताठ होईलच याची खात्री नाही, थोडा वाकलेला राहील.

घरी आल्यावर दीर बायकोला म्हणाला, "उद्यापासून वहिनींना हात लावायचा नाही. त्यांचं करायला बाई ठेवतो. आणि ती कात्री खाली आणून दे."

धाकटीनं कात्री आणली. फडक्यात गुंडाळून थोरलीच्या उशाशी ठेवली. जड, काळ्या मुठीची, अंगठ्याच्या जागी घासून गुळगुळीत झालेली. "घ्या," ती म्हणाली आणि गेली.

दुसऱ्या दिवसापासून कापायला बाहेरचा एक कटर येऊ लागला. धाकटी कोपऱ्यातल्या मशीनवर. थोरलीनं हे सगळं पडल्या पडल्या चाखलं, घोट घोट. धाकटीचा जिन्यावरचा पाय जड झाला होता. ती आता गुणगुणत नव्हती. नवरा तिच्याशी मोजकं बोलायचा. थोरलीचे व्यायाम पुन्हा पहिल्यापासून सुरू झाले, शिव्या मात्र कमी पडायला लागल्या. ज्या माणसाची जिरलीय त्याला रोज तीनशे कुठून आणायच्या?

शस्त्रक्रियेला सात महिने झाले तेव्हा अंबाडेवाल्या पोरीनं तिला जिन्यापाशी उभं केलं. "चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा आधी. कठडा सोडायचा नाही. आज तीनच पायऱ्या."

त्या दिवशी तीन झाल्या. पुढच्या आठवड्यात सात. मग एके दिवशी पोरगी यायची नव्हती, आणि थोरलीनं कात्री कमरेच्या पिशवीत घातली आणि निघाली. चांगला पाय वर, मग दुखरा त्याच्या शेजारी. शेजारी आला की क्षणभर थांबायचं, तो दुमडत नाही ना बघायचं. दुमडला नाही. नवव्या पायरीवर श्वास शिट्टीसारखा वाजायला लागला. तेरावीवर पिंढऱ्या पेटल्या. सतराव्या पायरीवर तिनं पदर खोचला, केस सारखे केले आणि दार ढकललं.

आत दोन कामवाल्या बायका नव्हत्या. दुपारच्या सुट्टीला गेल्या होत्या. कटरही गेला होता. कापडवाला तर नव्हताच. धाकटी एकटी कोपऱ्यातल्या मशीनवर बसली होती, टेबलापासून दहा हात लांब.

"बाजूला हो," थोरली म्हणाली.

धाकटीनं इकडेतिकडे पाहिलं. "कुठून?"

 थोरली टेबलाशी गेली, कात्री काढली, समोरच्या निळ्या कापडावर वाकली आणि जागीच थबकली. वाकावं लागत होतं. तीस वर्षं या टेबलावर ती ताठ उभी राहून कापत आली होती. आता टेबल कमरेच्या खाली होतं. खाली वाकून तिनं पाय पाहिले. चारही पाय खालून करवतीनं कापलेले, कडेला लाकूड उघडं पडलेलं.

"कधी कापलेस?"

"दोन वर्षं झाली. तुम्ही मुलाकडे गेला होतात तेव्हा. माझा हात पुरायचा नाही."

"मला विचारलं नाहीस."

"तुम्ही वर याल असं वाटलं नव्हतं."

थोरलीनं तसंच वाकून कात्री घातली. चार बोटं कापड कापलं नाही तोच गुडघा आतून जळायला लागला. वाकून उभं राहिलं की सगळा भार त्या जोडावरच येत होता. ती सरळ झाली. पुन्हा वाकली. पुन्हा सरळ झाली. टेबल तिला मिळालं होतं आणि तिच्या उपयोगाचं नव्हतं.

धाकटी मशीनचं चाक हातानं पुढे-मागे करत होती. मग खाली बघतच म्हणाली, "ताई, शिवण ओढून बघितलीत ना तुम्ही?"

थोरलीनं कात्री मिटली.

"दवाखान्यात मी साचा बघितला. वरचा पट्टा खालच्या बक्कलात अडकवलेला. मी लावला असता तर असा लागला नसता. आणि तुमचे दोन्ही अंगठे लालभडक सुजले होते. शंभर शिवणी ओढल्यावर सुजतात तसे. तुम्हीच शिकवलंत ना मला. दुसऱ्या कुणाला कळलं नसतं."

"मग बोलली का नाहीस?"

"कोण ऐकणार होतं?" चाक थांबलं. "आणि म्हटलं, असू दे. राहील माझ्याजवळ."

"काय राहील?"

"हेच," धाकटी म्हणाली, आणि पहिल्यांदा वर बघितलं. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता. एखादी वस्तू कपाटात आत, कपड्यांच्या घडीखाली ठेवून दिलेल्या माणसाचा असतो तसा निवांत चेहरा होता.

थोरलीला सगळं लख्ख दिसलं. सहा महिने आपण खाली पडून घोट घोट चव घेत होतो, आणि ही वर बसून हे जपत होती. ही कुणाला सांगणार नाही. कधीच नाही. उद्या आपण हिला या टेबलाला हात लावू नको म्हटलं, तर ही नुसती आपल्या अंगठ्यांकडे बघेल. आपण हिच्या मुठीत. मरेपर्यंत.

ती वळली. दुखरा पाय आधी. सतरा पायऱ्या उतरायला चढण्यापेक्षा जास्त वेळ लागला.

खाली दीर जेवायला बसला होता. थोरलीच्या मागोमाग धाकटी उतरली, ताटं वाढली, तिघं बसली. थोरली खुर्चीवर. तिनं पहिला घास घेतला, नीट चावला, गिळला.

"भावजी, तो साचा मीच काढला होता."

दिराचा हात ताटात थांबला. "कुठला?"

"पायाचा. हिनं हातही लावला नव्हता. पाय मीच ताणून बघितला आणि नाव हिचं घेतलं."

धाकटीचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. कपाटातली वस्तू कुणी भरदिवसा रस्त्यावर फेकून द्यावी, तसा.

"पण वहिनी, का?" दीर म्हणाला.

"तेव्हा राग होता म्हणून. आणि आत्ता सांगतेय तेही रागानंच. हिच्याजवळ माझं काही ठेवायचं नाहीये मला." थोरलीनं पाण्याचा पेला उचलला, प्याली, खाली ठेवला. "माझं झालं. आता तू बोल."

"मी काय बोलू?" धाकटी म्हणाली.

"पहिल्या डॉक्टरनं विचारलं होतं, पाय उचलतो का. तू काय सांगितलंस?"

धाकटीनं नवऱ्याकडे पाहिलं. त्यानं मान हलवली नाही, डोळाही हलवला नाही. बाहेर रस्त्यावरून कुणाची तरी सायकल घंटी वाजवत गेली. 

"येतो म्हणून सांगितलं," धाकटी म्हणाली.

"येत होता?"

"नाही."

"दिसत होतं तुला?"

"दिसत होतं." तिचा आवाज बारीक झाला, पण तुटला नाही. "ताई, जन्मभर तुम्ही कापलेलं शिवलं मी. मला एक हंगाम कापायचं होतं. एकच. मला वाटलं, महिन्याभरात होतील बऱ्या."

दिरानं ताट पुढे सारलं. एकदा बायकोकडे पाहिलं, एकदा भावजयीकडे, आणि हात धुवायला उठून गेला. न्हाणीघरातून नळाचा आवाज कितीतरी वेळ येत राहिला.

थोरलीला वाटलं होतं, हे ऐकलं की छातीवरचा धोंडा उतरेल. थोडा उतरला. सगळा नाही. तीन वर्षं आहेतच, खड्डा आहेच, कुणी कबूल केल्यानं आखडलेलं मांस लांब होत नाही. तिनं स्वतःला आणखी वाढून घेतलं. धाकटी जेवलीच नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी, कामवाल्या बायका यायच्या आधी, थोरली वर गेली. दिराला आणि धाकटीला बोलावलं. चार विटा मागवून ठेवल्या होत्या. दीर टेबलाचा एकेक कोपरा उचलून धरायचा, धाकटी गुडघे टेकून पायाखाली वीट सरकवायची.

"आणखी आत," थोरली म्हणायची.

धाकटी सरकवायची.

"आणखी."

एका वेळी जमलं असतं तिथं तीन-तीनदा सरकवायला लावलं. दिराच्या दंडाच्या शिरा फुगल्या. चौथी वीट बसली. टेबल पहिल्यासारखं उंच झालं, थोरलीच्या कमरेला अगदी बरोबर.

"मला नाही पुरणार आता इथं हात," धाकटी खालूनच म्हणाली.

"मशीन तुझ्या उंचीचंच आहे."

धाकटीनं हात झटकले आणि उठली. कशालाही न धरता, एका दमात, दोन्ही गुडघे सरळ, जसं काही त्यात विशेष काहीच नाही. थोरली बघत राहिली. तेवढं मात्र तिला बघवलं नाही.

"ती शेवटची वीट हलतेय," ती म्हणाली.

वीट जराही हलत नव्हती. धाकटीला ते दिसत होतं, दिरालाही दिसत होतं.

"बस खाली," थोरली म्हणाली. "पुन्हा बघ."